परवानाधारक समुपदेशक कसा शोधावा : पेडणे-डिचोलीकरांसाठी पहिले पुस्तक

लागणारे साहित्य : एक स्मार्टफोन. इअरफोन, शक्यतो दोन्ही कानांत वाजणारे. दार लागणारी खोली. ती नसेल तर दार लागणारी गाडी. पत्रिका लागत नाही, नारळ लागत नाही, आमदाराची चिठ्ठी लागत नाही. आणि सलग पन्नास मिनिटे, ज्यांत कोणी "जेवलास काय?" म्हणून डोकावणार नाही. ही शेवटची वस्तू पेडणे तालुक्यात विकत मिळत नाही, म्हणून तिची तजवीज सर्वांत आधी करावी.

पुस्तिका कोणासाठी? ज्याला रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत कौलांखालचे वासे मोजत पडावे लागते त्याच्यासाठी. चतुर्थीला माटोळी बांधतानासुद्धा जिचे हात उचलत नव्हते तिच्यासाठी. ज्याचा संध्याकाळी सातचा पेग सरकत सरकत दुपारी बारावर आला आहे त्याच्यासाठीही. अशांनी ऑनलाइन समुपदेशन घ्यावे असे हल्ली रेडिओपासून मेहुण्यापर्यंत सगळेच सांगतात. ते घ्यायचे कोणाकडून, हा प्रश्न विचारला की मेहुणा फोन ठेवतो.

आधीचे अभ्यासक्रम

वाचकाने प्राथमिक वर्ग पूर्ण केले आहेत असे धरून चाललो आहे. पहिल्या वर्गात शेजारी "अरे, समुद्रावर जाऊन ये" असे सांगतात. दुसऱ्यात देवाला प्रसाद लावतात आणि पाकळी उजवी पडते की डावी याकडे सारे घर डोळे लावून बसते. तिसऱ्यात घाडी येतो. त्याला तुमच्या आजोबांनी तोडलेल्या झाडाची माहिती तुमच्यापेक्षा जास्त असते. चौथा वर्ग म्हापशाच्या डॉक्टरांचा : रक्त, साखर, थायरॉइड, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने आणि शेवटी "सगळे नॉर्मल आहे". हे ऐकून आनंद व्हायला हवा, पण माणूस दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आणखीच खचतो.

पेडण्याच्या लोकांना याखेरीज एक पदव्युत्तर सोयही आहे. कोजागरीच्या रात्री पेडण्याची पुनव भरते. रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात, आपल्याला देऊळ नाही म्हणून भूतनाथ रुसून रानाकडे धावतो, आणि लोक त्याची समजूत घालून, देऊळ बांधून देतो असे वचन देऊन त्याला परत आणतात. हे दरवर्षी. ज्यांना बाधा झाली असे घरचे मानतात, त्यांनाही त्या रात्री तिथे आणले जाते. या प्रकाराला हसणारे शहरी लोक मला फारसे आवडत नाहीत. त्या गर्दीत आजारी माणूस एकटा नसतो, सोबत आख्खे कुटुंब जागत असते, आणि रुसलेल्याला ओरडायचे नसते, त्याची मनधरणी करायची असते, एवढे तरी तिथे सगळ्यांना ठाऊक असते. अडचण एकच : पुढचे सत्र पुढच्या कोजागरीला.

मधल्या अकरा-बारा महिन्यांसाठी आपण इंटरनेट उघडतो.

परवाना म्हणजे कोणाचा?

इथे नवशिक्याची पहिली फसगत होते. 'लायसन्स्ड प्रोफेशनल कौन्सेलर' असे टाइप केले की पडद्यावर जी हसरी माणसे येतात, त्यांचा परवाना अमेरिकेचा. तिथे १९७६ साली व्हर्जिनिया राज्याने समुपदेशकांना परवाना देण्याचा कायदा सर्वांत आधी केला, मग एकेक करत बाकीची राज्ये आली. तो परवानाही मुख्यतः राज्यापुरताच चालतो. व्हर्जिनियातला समुपदेशक शेजारच्या राज्यातल्या माणसाला सल्ला देताना दहा वेळा विचार करतो, मग विर्नोड्याच्या माणसाला काय देणार?

आपल्याकडचा हिशेब असा आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा आधी एमबीबीएस डॉक्टर, मग त्यावर मानसोपचाराची पदवी. त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते आणि गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. त्याची नोंद दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद बसवली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना हा धंदा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. एक हजार. मोठ्या शहरातल्या पुष्कळ समुपदेशकांची एका तासाची फी याहून जास्त आहे, म्हणजे दंड भरून वर चहाला सुटे उरतात.

आणि तिसरा, साधा समुपदेशक, ज्याला शोधायला आपण निघालो? एमए सायकॉलॉजी झालेला, समाजकार्याची पदवी असलेला, एखादा पदविका अभ्यासक्रम केलेला? त्याच्यासाठी वर्षानुवर्षे परवाना नावाची चीजच नव्हती. २०२१ मध्ये आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत समुपदेशकांना पहिल्यांदा जागा मिळाली. यादीत नाव आले म्हणजे नोंदवही उघडली असे मात्र नव्हे. सरकारी काम कसे चालते हे ज्यांनी तुयेच्या इस्पितळाची इमारत उभी राहताना पाहिली त्यांना मी काय सांगणार?

म्हणून कोणी "मी भारतात लायसन्स्ड कौन्सेलर आहे" असे छातीठोक सांगितले तर नम्रपणे विचारावे : कोणाकडे नोंद आहे, क्रमांक काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. ही नोंदणी मुदतीची असते, नूतनीकरण करावे लागते, तेव्हा तारीखही बघावी. डॉक्टर असेल तर गोवा मेडिकल कौन्सिल किंवा त्याच्या राज्याची परिषद. साधा समुपदेशक असेल आणि "माझी नोंदणी नाही, कारण अशी नोंदणी अजून रुळलेली नाही, माझे शिक्षण अमुक, प्रशिक्षण तमुक ठिकाणी" असे त्याने सरळ सांगितले, तर त्याला दोन गुण जास्त द्यावेत. देवाने उजवा कौल दिला असला तरी क्रमांक तपासावा. देवाला आरसीआयच्या संकेतस्थळावर लॉग-इन नाही.

काय टाळावे याची उदाहरणे पेडणे तालुक्याइतकी दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनारपट्टीवर हिवाळ्यात फिरावे : विजेच्या खांबांवर, कॅफेच्या दारांवर, माडांच्या बुंध्यांवर 'हीलिंग'च्या पाट्या. घंटानादाने हीलिंग, श्वासाने हीलिंग, गतजन्माचे हीलिंग, चार दिवसांत 'ट्रॉमा कोच' होण्याचे प्रमाणपत्र. पृथ्वीच्या पाठीवरून माणसे दुःखे घेऊन हरमलला येतात, आणि हरमलची मुलगी रात्री दार लावून फोनवर बंगळुरूचा समुपदेशक शोधते. यांतल्या कुणाच्या शास्त्राबद्दल मला मत द्यायचे नाही. घंटानाद ऐकून बरे वाटत असेल तर ऐकावा, फक्त झोप उडाली म्हणून चालू असलेली गोळी घंटा वाजवणाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नये.

तसे पाहिले तर या धंद्यात गोवा उशिरा आलेला नाही. पणजीला जुन्या सचिवालयाच्या अंगाला काळा पुतळा आहे : झग्यातला पाद्री दोन्ही हात पसरून उभा, समोर एक बाई कोसळते आहे. पर्यटक त्याच्यासारखे हात करून फोटो काढतात. हे आबे फारिया, १७५६ साली कांदोळीला जन्मलेले. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला. फारियांच्या काळी पॅरिसमध्ये बाकीचे संमोहनवाले आपल्या अंगातून चुंबकी द्रव वाहतो असे सांगून गल्ला भरत होते. फारियांनी सांगितले की असा द्रवबिव काही नाही, जे घडते ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडते. १८१९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले. परवाना त्यांच्याकडेही नव्हता. पण "माझ्या हातात जादू आहे" असे म्हणणाऱ्याकडे जाऊ नये, हा नियम त्यांच्यापासून घ्यायला हरकत नाही.

खंयचो रे तूं?

गोव्यात कोणाचीही चौकशी याच प्रश्नापासून सुरू होते. गाव कुठला, वाडा कुठला, आईचे माहेर कुठले, देऊळ कुठले. पाच मिनिटांत नाते निघते आणि सुटकेचा श्वास टाकला जातो. वकील, मेस्त्री, गवंडी, जावई निवडताना ही रीत उत्तम. समुपदेशक निवडताना उलटी लावावी. नाते निघाले की निघून जावे.

डिचोलीचा समुपदेशक डिचोलीच्या माणसाला प्रामाणिकपणे सगळे गुपित ठेवीलही, पण तुमची जीभ सुटणार नाही. त्याची चुलत बहीण तुमच्या धाकट्या भावजयेच्या वर्गात होती हे एकदा कळले की सासूविषयीचे वाक्य तुम्ही अर्ध्यावर गिळणार. ऑनलाइनचा खरा फायदा इथे आहे. पुण्याचा, ठाण्याचा, कोल्हापूरचा माणूस तुमच्या वाड्यावर कधी हळदीकुंकवाला येणार नाही.

फार लांबचाही घेऊ नये. दिल्ली-गुडगावकडच्या काही समुपदेशकांना तुमचा पत्ता ऐकून जो आनंद होतो, तो ओसरेपर्यंत पाच मिनिटे जातात आणि फी त्या मिनिटांचीही असते. "गोव्यात राहून डिप्रेशन?" असे ज्याने विचारले, त्याचे सत्र तिथेच आवरते घ्यावे. पावसाळ्यात कोरगावच्या घरात आठ दिवस वीज लपंडाव खेळते, भिंतीला बुरशी धरते आणि बाहेर फक्त बेडूक ओरडतात, हे त्याला समजावून सांगण्याची जबाबदारी तुमची नाही.

भाषेचे आधीच विचारून घ्यावे. आपण घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, देवाला मराठीत आळवतो आणि फॉर्म इंग्रजीत भरतो. बहुतेकांना राग एका भाषेत येतो आणि रडू दुसरीत. मराठी समुपदेशकाला पेडण्याची कोंकणी निम्मी-अधिक कळते. चालून जाते.

प्रत्यक्ष जायचे असेल तर

ऑनलाइनच हवे असा हट्ट कशासाठी, असेही काही जण विचारतील. पूर्वी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आबे फारियांच्याच नावाचे मनोरुग्णालय होते आणि आल्तिनोचे नाव काढले की लोक डोळे मिचकावत. त्या रुग्णालयातून १९८० मध्ये मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, म्हणजे आयपीएचबी, उभी राहिली, आणि पुढे ती बांबोळीला हलली. सरकारने नकळत केवढी मोठी सोय केली! बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे. आख्खा गोवा गुडघा, मूतखडा, प्रसूती आणि पाहुण्याची विचारपूस यांसाठी बांबोळीला जातो. कदंबच्या बसमध्ये शेजारीण भेटली आणि "खंय?" म्हणाली, तर "बांबोळीला" इतकेच सांगावे आणि गुडघा चोळावा. पुढची वीस मिनिटे ती तिच्या गुडघ्याविषयी बोलेल.

खोली

आता ती दुर्मिळ पन्नास मिनिटे.

जुन्या कौलारू घरात खोलीला दार असते, कडी असते, पण भिंत आढ्यापर्यंत जात नाही. वरून सगळे घर एक. शेजारच्या खोलीत आजी कूस बदलते ते ऐकू येते, म्हणजे तिलाही तुमचे ऐकू जाते. नवशिके इथे इअरफोनवर विसंबतात. इअरफोन लावला की समुपदेशकाचे बोलणे तेवढे गुप्त राहते. तुमचे आख्ख्या घराला ऐकू येते, आणि एकाच बाजूचे ऐकू आल्यामुळे जास्त भयंकर वाटते. "नाही, मारावेसे नाही वाटत" हे वाक्य स्वयंपाकघरात एकटेच पोचले तर पुढचा आठवडा त्याच्या खुलाशात जातो.

पंखा पूर्ण वेगाने लावणे, मिक्सर चालू असतानाची वेळ पकडणे, टीव्हीवर मालिका लागल्यावर बसणे, हे सगळे प्रयोग होऊन गेलेले आहेत. शुक्रवारी सकाळी घर म्हापशाच्या बाजाराला जाते ती वेळ बरी. आषाढात मुसळधार लागली की ती वेळ सर्वांत बरी, फक्त तेव्हा नेटवर्क जाते.

काजूच्या बागेत जाता येते, पण मार्च ते मे नाही. त्या दिवसांत प्रत्येक झाडाखाली कोणीतरी वाकलेले असते. तेरेखोलच्या बाजूला फोन अधूनमधून महाराष्ट्राच्या टॉवरला चिकटतो आणि तुम्ही बालपणाविषयी बोलत असता तेव्हा राज्य बदलते. २०२० च्या टाळेबंदीत मुले ऑनलाइन शाळेसाठी ज्या डोंगरावर चढली, तिथे रेंज चांगली. पण उघड्या डोंगरावर एकट्या उभ्या माणसाने हातवारे करत बोलणे आपल्याकडे शहाणपणाचे लक्षण मानत नाहीत.

गाडी हा सर्वमान्य तोडगा. तीही कुठे उभी करायची? मयेच्या तळ्याकाठी सावली सुंदर आहे. मात्र तिथे गाडीत एकटा बसून डोळे पुसणारा माणूस दिसला की संध्याकाळच्या आत घरी फोन येतो, आणि फोन करणाऱ्याच्या डोक्यात समुपदेशक नसतो, बाई असते. मांडीवर वही आणि एखादा छापील फॉर्म ठेवावा. विमा एजंटशी बोलणाऱ्या माणसाजवळ कोणी थांबत नाही.

पहिल्या सत्रात काय सांगावे

काही डिचोलीकरांनी बोलण्यासाठी खाणीच्या ट्रकची केबिन वापरली. उंचावर असते, काच जाड असते. आणि ट्रक उभाच होता.

ट्रक का उभा होता, ही गोष्ट बाहेरच्या समुपदेशकाला तारखांसकट सांगावी लागते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या निकालानंतर काही काळ चाके फिरली. ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे बंद. डिचोली, साखळी, पिसुर्ले भागांत ज्यांनी सोने गहाण टाकून, बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या ट्रकांच्या चाकांमध्ये गवत उगवले. ट्रकाबरोबर गॅरेजवाला बसला, टायरवाला बसला, चहाच्या गाड्यावरची बाई बसली. पुढे लिलाव झाले आणि डिचोलीत खाण पुन्हा धडधडू लागली, पण मधली वर्षे ज्याच्या अंगावरून गेली त्याला त्याचे व्याज अजून मोजावे लागते. त्याच वर्षांत ज्यांना खाणीची धूळ आणि चिखलाने भरलेली शेते नको होती त्यांचीही झोप उडालेली होती, हेही सांगायला हवे. एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसे असतात.

पेडण्याच्या बाजूला बंद पडण्याऐवजी उघडण्याचे दुःख. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारीत विमाने उतरू लागली, आणि कालपर्यंत गुरे चरत होती त्या पठाराभोवतीच्या जमिनींना भाव आला. भाव आला की भाऊ आठवतात. ज्या वाटणीविषयी आजोबांच्या काळापासून कोणी बोलले नव्हते, तिच्यावरून आता नोटिसा येतात.

हे सगळे ऐकून समुपदेशक काय म्हणतो इकडे लक्ष द्यावे. "सकारात्मक विचार करा" म्हणाला तर त्याने ऐकले नाही. बँकेचा हप्ता विचारांमध्ये नसतो, बँकेत असतो. "हप्ता किती आहे, महिन्याच्या कोणत्या तारखेला येतो, त्या तारखेच्या आधी झोप जास्त उडते का?" असे विचारले, तर वही बाजूला ठेवून मोकळेपणाने बोलायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे परवाना नव्हता

परवान्याच्या मागे लागलेल्या वाचकाला आता थोडे गोंधळात टाकणे भाग आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जगाने गोव्याकडून जी गोष्ट शिकून घेतली, ती परवाना नसलेल्या माणसांनी करून दाखवली.

पर्वरीची 'संगात' ही संस्था १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ थोडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याहून थोडे. मग त्यांनी गावातलीच, मानसशास्त्राचे शिक्षण नसलेली माणसे घेतली, त्यांना शिकवले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांत हा प्रयोग झाला, २०१० मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांत गुण स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. नंतरचा प्रयोग नैराश्यावरचा, ४९५ रुग्णांचा. सहा ते आठ भेटी. मनात खोल उतरणे वगैरे फारसे नाही : कुठली कामे सोडून दिली आहेत ती मोजायची, त्यांतले एक लहानसे पुन्हा सुरू करायचे, अडलेला प्रश्न सोडवायला बसायचे. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यातले ३९ टक्के. हे २०१७ साल. त्याच वर्षी दारूच्या आहारी चाललेल्या ३७७ पुरुषांवरच्या समुपदेशनाचा निष्कर्षही आला, आणि तोही बऱ्यापैकी आशादायक होता.

मग आरसीआय-फारसीआय सगळे सोडून वाड्यावरच्या समजूतदार मावशीकडे जावे का? जावे, पण मावशीची तयारी तशी असेल तर. 'संगात'च्या समुपदेशकांची संभाषणे ध्वनिमुद्रित होत, ती एकत्र बसून ऐकली जात, एकमेकांना गुण दिले जात, चुका काढल्या जात. पेशंट हाताबाहेरचा वाटला तर त्याला कोणाकडे पाठवायचे हे ठरलेले होते. आपल्या मावशीच्या बोलण्याला गुण देण्याची हिंमत कोणात आहे?

यातून नवशिक्याने एक प्रश्न उचलावा आणि परवान्याच्या क्रमांकाइतकाच जपून ठेवावा : "तुमच्या कामावर नजर कोण ठेवते?" चांगल्या समुपदेशकाचा कोणी तरी ज्येष्ठ असतो, ज्याच्याशी तो नाव न घेता आपल्या कामाची चर्चा करतो. हा प्रश्न ऐकून जो दुखावला जातो त्याला सोडावे. दुसरा प्रश्न : "मी एका रात्री फार वाईट अवस्थेत असलो तर काय करायचे?" याला ठाम उत्तर हवे, नंबरासकट.

आणि तो नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवावा, कारण इथे थट्टेला जागा नाही. जीव द्यावा असे मनात येत असेल तर समुपदेशक शोधत बसू नये, क्रमांक-बिमांक तपासू नये. १४४१६ लावावा. ही 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जीव धोक्यात असेल तर १०८, आणि घरातल्या एका माणसाला उठवावे, कितीही वाजले असले तरी. असा प्रयत्न केलेल्या माणसाला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुन्हेगार मानत नाहीत, तीव्र ताणाखालचा माणूस मानतात. पोलिसांच्या भीतीने इस्पितळ टाळू नये. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवाही फोनवर बोलते, आणि तिथली माणसे शिकलेली असतात.

पैसे आणि कागद

फी काही शेपासून काही हजारांपर्यंत काहीही असते, आणि महाग म्हणजे चांगला हा नियम इथे मासळीइतकाही लागू पडत नाही. यूपीआयने पैसे देताना समोरच्याचे नाव काय उमटते ते पाहावे. जोडखाते असेल आणि त्यावर 'माइंड केअर क्लिनिक' असे लखलखीत आले, तर ज्यांच्यापासून लपवले त्यांनाच आधी कळते.

मोठी अॅपे सुबक असतात. 'बेटरहेल्प' ही अमेरिकेतली त्यांतली बडी कंपनी. ग्राहकांची नाजूक माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातीसाठी दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. पेडण्याच्या तिठ्यावर सांगितलेले गुपित निदान सावंतवाडीपर्यंत पोचायला दुपार होते. अॅपवर टोपणनाव चालते का, संभाषण साठवतात का, खाते पुसता येते का, हे आधी बघावे.

समुपदेशक बदलायचा असेल तर नवशिक्यांना फार जड जाते. आपण न्हावी बदलत नाही, भट बदलत नाही, मग ज्याच्यासमोर रडलो त्याला नको कसे म्हणायचे? बरेच जण फोन उचलणेच बंद करतात आणि वर्षभर अपराधी वाटून घेतात. तीन भेटींत जमले नाही तर पुढचा मजकूर जसाच्या तसा पाठवावा : "नमस्कार. आतापर्यंतच्या भेटींबद्दल आभार. मला वाटते मला वेगळ्या प्रकारची मदत लागेल. तुमच्या ओळखीत योग्य कोणी असल्यास नाव कळवावे." बऱ्या समुपदेशकाला याचे वाईट वाटत नाही. तो बहुधा दोन नावे पाठवतो. उपचार घेणाऱ्याला आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिलेला आहे. तीही त्याच निरोपात मागावी, म्हणजे नव्या माणसापुढे खाणबंदीपासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही. प्रत आली की ती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुकून जाणार नाही एवढे बघावे.